बाकावरची भाची

११ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "अहो, संघाबद्दल जे काय बोलायचंय ते हिच्यात बोला. जेवताना मला ऑफसाइड समजावू नका." देशाच्या महिला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे मी, पण घरात मला कुत्रं विचारत नाही.

असो. वही उघडायला कारणही तसंच घडलंय. ताईची मुलगी येतेय! माझी थोरली बहीण नर्स म्हणून परदेशी गेली आणि तिथल्याच एका बसमेकॅनिकशी लग्न करून तिथलीच झाली. त्यांची ही एकुलती एक, बावीस वर्षांची. तिकडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये स्टॉपर आहे. म्हणजे बचावाच्या मधोमध उभी राहते, आणि तिच्याजवळून चेंडू न्यायचा तर भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलेत की बायकोलाही आता पाठ झालेत.

आईकडून ती आमची, बापाकडून त्यांची. कोणाकडूनही खेळू शकते, पण एकाच देशाकडून. मैत्रीपूर्ण सामने हवे तेवढे खेळा, त्यांनी काही ठरत नाही. अधिकृत सामन्यात मात्र तिच्या वयात एकदा पाऊल टाकलं, अगदी एका मिनिटासाठी का होईना, की झालं. जन्मभर त्याच देशाची. आणि भाऊजींचा देश म्हणजे फुटबॉलमधला हत्ती! आमचं नाव ऐकलं की त्यांचे लोक नकाशा शोधायला लागतात.

ताई फोनवर म्हणाली, "येतेय ती. बाकीचं तू तिच्याशीच बोल." मग भाऊजी फोनवर आले. त्यांना आपली भाषा कळते, पण बोलतात मोजकंच. "सांभाळा तिला," एवढंच म्हणाले. आवाज बसला होता. सर्दी झाली असणार, तिकडे थंडी फार.

१५ फेब्रुवारी

विमानतळावर गेलो. म्हटलं, आता या पोरीशी हातवारे करून बोलावं लागणार. काचेच्या दारातून माझ्याहून वीतभर उंच अशी ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, बॅगा टाकल्या आणि भर गर्दीत ओरडली, "अगं बाई! मामा, किती रे वाळलास! मामी जेवायला घालते की नाही मेली?"

मामी शेजारीच उभी होती. हसून हसून तिने खांबाला धरलं.

या पोरीने आपली भाषा फक्त ताईच्या तोंडून ऐकली, आणि ताईने देश सोडला त्याला एक पिढी झाली. त्यामुळे आमची आई शेजारणीशी जशी बोलायची, तशी ही बोलते. डोळे मिटले तर वाटतं, कोणी साठीची बाई भाजीवालीशी घासाघीस करतेय. डोळे उघडले की समोर ही धिप्पाड पोरगी, कानात तीन-तीन बाळ्या!

तीन आठवड्यांच्या शिबिराला चार बॅगा आणल्यात. एकीत नुसते बूट. त्यातले दोन जोड लांब खिळ्यांचे, चिखलात चालणारे. तिकडची मैदानं गालिच्यासारखी, तिथे असले बूट कोण घालतं? स्वस्तात मिळाले म्हणून उचलले असतील.

१८ फेब्रुवारी

पोरींनी तिचं नाव काकू ठेवलं. पहिल्याच सरावात ठेवलं. ती मागे उभी राहून ओरडत होती, "अगं ए भवाने, पाठीमागे कोण आलंय ते बघ की! अशी काय उभी राहिलीस, पाहुणी आहेस का?" पोरी हसून मैदानात बसल्या. मग उठल्या, आणि खरं सांगतो, त्या तासाभरात आमच्या बचावफळीने एकही चूक केली नाही.

आमची कॅप्टन गोलरक्षक आहे, एरवी दाताच्या दवाखान्यात काम करते. सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेर भेटली. त्या खोलीत टाकी गळते, म्हणून पोरी बाकांवर पाय वर घेऊन बसतात. काकूही तशीच बसली होती, कुणाचा भाऊ काय करतो, कुणाची आई कशी आहे, विचारत. कॅप्टन म्हणाली, "सर, इतकी वर्षं माझ्यासमोर चार जणी उभ्या असायच्या. आज पहिल्यांदा वाटलं, पुढे भिंत आहे."

ऊर भरून आला. भाची कोणाची आहे!

२३ फेब्रुवारी

मैत्रीपूर्ण सामना. दोन-शून्य. जिंकलो!!

दुसरा गोल काकूने डोक्याने मारला. ती हवेत उठली तेव्हा तिच्या आजूबाजूच्या तिघी नुसत्या बघत राहिल्या. माझ्या मागे स्टँडमध्ये एक म्हातारे गृहस्थ दर सामन्याला येतात आणि दर सामन्याला मला शिव्या देतात. आज त्यांनी रेलिंगवरून वाकून विचारलं, "ओ मास्तर, ही कोणाची?" मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या बहिणीची." ते म्हणाले, "तरीच. तुमच्यावर गेलेली नाही."

सामन्यानंतर एका वार्ताहराने तिला विचारलं, कोणता देश निवडणार? ती म्हणाली, "ते मी आधी मामाला सांगेन." किती समजूतदार पोर! माझा मान ठेवला.

१ मार्च

डोक्याचा नुसता भुगा झालाय.

बातमी आलीय की तिकडच्या देशाच्या संघातली स्टॉपर गुडघा मोडून बसली. उन्हाळ्यात मोठी स्पर्धा, आणि त्यांना जागा भरायचीय. त्यांच्या प्रशिक्षक बाई काकूच्या क्लबात चौकशी करून गेल्या, असं ताईच म्हणाली. म्हणजे मुलीचं नशीब उघडलं. ज्या स्पर्धेचं तिकीट मिळावं म्हणून लोक मैदानाबाहेर झोपतात, त्या स्पर्धेत ही खेळणार.

दुपारी सचिवांनी ऑफिसात बोलावलं. आमच्या संघटनेच्या सचिवांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावलेला नाही, पण खुर्चीत असे बसतात की चषक यांनीच आणला. म्हणाले, "आठ तारखेला अधिकृत सामना आहे. शेवटची दोन मिनिटं तुमच्या भाचीला उतरवा. एकदा शिक्का बसला की कुठे जाते?"

मी म्हटलं, "साहेब, ती काय टपालाचं पाकीट आहे शिक्का मारायला?"

"सगळे देश करतात."

"करू देत. मी नाही करणार."

"तुमचा करार जूनमध्ये संपतो, लक्षात आहे ना?"

माझं पित्त खवळलं. उठलो आणि दार धाडकन आपटलं. पण ते दार बंदच होत नाही, आपटून परत उघडलं. मग वळून हलकेच लावावं लागलं. निम्मा रुबाब तिथेच गेला.

आता माझं ठरलंय. काकूला मी अधिकृत सामन्यात उतरवणार नाही. माझ्या संघाचं काय व्हायचं ते होवो, पण बहिणीच्या लेकीला मी या गळक्या टाकीखाली जन्मभर अडकवणार नाही. ती मोकळी राहिली पाहिजे.

२ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तिला विचारलंत का?"

बायकांना ना, यातलं काही कळत नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात. विचारलं की पोरीवर दडपण येतं. मामाचा मान राखावा म्हणून "इथेच खेळते" म्हणून बसेल आणि पुढे जन्मभर पस्तावेल. मोठ्यांनी समजून घ्यायचं असतं.

५ मार्च

आज काकूने मला धोबीखोलीत गाठलं. ती आमच्या कपडे धुणाऱ्या मावशींबरोबर सरावाच्या बंड्या-मोज्यांच्या घड्या घालत बसली होती. दोन आठवड्यांत या पोरीने मैदानावरचं एकही माणूस सोडलेलं नाही, सगळ्यांशी घरोबा.

"मामा, बरा सापडलास. तिकडून फोन आला होता. मी त्यांना..."

"कळलंय मला," मी म्हटलं. "काही सांगू नकोस."

"अरे, पण ऐक तरी!"

"अजिबात नाही. तू मनावर कसलं ओझं घेऊ नकोस. सराव कर, नीट जेव, झोप. बाकी सगळं तुझा मामा बघून घेईल."

तिने कपाळावर हात मारला, अगदी ताई मारते तसा. धोबीखोलीतल्या मावशी खाली मान घालून हसत होत्या, कशाला कोण जाणे. बिचारीवर किती दडपण आहे! बरं झालं मी वेळीच थांबवलं.

८ मार्च

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

सचिवांची कटकट नको म्हणून काकूचं नाव राखीव खेळाडूंत घातलं होतं. पहिल्या अर्ध्यातच आम्ही गोल केला. पोरी जिवाच्या आकांताने खेळत होत्या. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असतील, आमच्या स्टॉपरचा घोटा मुरगळला. ती खाली बसली. स्ट्रेचर आलं.

मी बाकाकडे वळलो तर काकू उभीच होती. जॅकेट काढून फेकलेलं, मोजे वर ओढलेले, त्या लांब खिळ्यांच्या बुटांनी जागच्या जागी पळत होती. अख्खं स्टँड ओरडत होतं, "काकू! काकू!" माझ्या मागचे ते म्हातारे गृहस्थसुद्धा.

मी तिला म्हटलं, "बस खाली."

"मामा?"

"बस म्हटलं ना."

आणि बाकावर बचावातली दुसरी कोणी नव्हती, म्हणून मी आमच्या विंगरला उतरवलं. चिमुरडी पोर, वाऱ्यासारखी पळते, पण बचावात ती कधी उभीच राहिलेली नाही. पुढच्याच कॉर्नरला तिच्या डोक्यावरून गोल झाला. एक-एक. हातातला सामना गेला.

लोकांनी मला नको नको ते ऐकवलं. विंगर मैदानातच रडत बसली. सचिव स्टँडमधून माझ्याकडे असे बघत होते की नजरेनेच करार फाडला. काकू सरळ बसमध्ये जाऊन मागच्या सीटवर बसली.

पण देवाशपथ सांगतो, आत कुठेतरी मला अभिमान वाटतोय. आज मी भाचीचं आयुष्य वाचवलं. तिला आत्ता नाही कळणार. पुढे कळेल. कोणीतरी त्याग करावाच लागतो.

९ मार्च

त्याग! वरचं पान वाचून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

सकाळी दारावर थाप पडली. काकू. घरात आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली आणि सुरू झाली. एवढी शुद्ध बोलणी मी आई गेल्यापासून खाल्ली नव्हती.

"तुला कान दिलेत की नुसती भोकं पाडलीत रे देवाने? मला मोकळं राहायचंय असं कोणी सांगितलं तुला?"

"अगं, तिकडची एवढी मोठी स्पर्धा..."

"मी त्यांना जानेवारीतच नाही म्हणून सांगितलंय! विमानात बसायच्या आधी! चार दिवसांपूर्वी परत फोन आला, परत नाही म्हटलं. तेच सांगायला आले होते धोबीखोलीत, तर तू मला झोप आणि जेव म्हणून सांगतोस! दोनदा त्या हत्तीला नाही म्हणाले, आणि इथे माझा सख्खा मामा मला बाकावर बसवून वर माझ्यावर उपकार करतोय!"

मी कसाबसा म्हणालो, "अगं, पण का?"

ती जरा शांत झाली. "तिकडे माझ्या जागेवर उभ्या राहू शकतील अशा चौघी आहेत. मी नसले तर पाचवी येईल. इथे कॅप्टनच्या पुढे कोण आहे? सांग ना. काल कोण होतं?"

मला विंगर आठवली.

"आणि आईचं काय? ती तिकडे लग्न केल्यापासून बाबांच्या देशाचे सामने बघतेय. बाबांसाठी ओरडते, टाळ्या वाजवते. तिचा संघ तिकडच्या टीव्हीवर कधी लागतच नाही. तो लागावा इतका चांगला व्हायला हवाय मला. मला कोणी बांधलेलं नाही, मामा. मी माझ्या पायाने आलेय."

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे एकदा बघून आत गेली. बोलली असती तर परवडलं असतं.

जाताना काकू म्हणाली, "हे सगळ्यांसमोर सांग. त्या विंगरलाही सांग. ती पोर रात्रभर रडलीय. गोल तिच्यामुळे नाही झाला."

दुपारी पोरींना गोळा केलं. पाय वर घेऊन बसल्या होत्या सगळ्या. मी उभा राहून सांगितलं की कालचा गोल माझा आहे. चूक माझी, मामा म्हणून केली, प्रशिक्षक म्हणून माफी मागतो. विंगर परत रडायला लागली. कॅप्टन म्हणाली, "ठीक आहे सर, आता सरावाला चला." लाजेने मान खाली होती माझी, पण या पोरींचा एवढा अभिमान मला कुठल्याच विजयानंतर वाटला नव्हता.

१० मार्च

भाऊजींना फोन केला. वाटलं होतं, हे चिडलेले असणार. आपला देश सोडून लेक बायकोच्या देशाकडून खेळणार, कोणाला आवडेल?

ते म्हणाले, "मी तिला बाकावर बसायला नाही पाठवलं."

मी माफी मागितली. नंतर एकेक शब्द जुळवत सांगू लागले. "सहा वर्षांची होती. रोज सकाळी मी मैदानावर न्यायचो. अंधार असायचा. बर्फ असायचा. जानेवारीत तिने मला आधी विचारलं, बाबा, वाईट वाटेल? मी म्हटलं, नाही."

"मग?"

"मग मी गॅरेजमध्ये गेलो. एक बस घेतली, इंजिन उघडलं, सगळं काढलं. परत बसवलं. तिला काही झालेलं नव्हतं."

बिघाड नसताना इंजिन कशाला खोलायचं? या मेकॅनिक लोकांचं मला काही कळत नाही. आवाज अजून बसलेलाच आहे त्यांचा. ताईला सांगितलं, त्यांना एकदा डॉक्टरला दाखव. महिनाभर सर्दी म्हणजे काय!

७ एप्रिल

भाऊजींच्या देशात, हॉटेलातून लिहितोय. उद्या त्यांच्याशीच अधिकृत सामना. काकू क्लबातून थेट इथे येऊन मिळाली. आल्या आल्या पोरींना एकेकीला कवटाळलं आणि मला म्हणाली, "मामा, उद्या बसवलंस तर बघ हं." मी तिला खेळाडूंची यादी दाखवली. तिचं नाव पहिल्या अकरांत होतं. तिने दोनदा वाचलं.

८ एप्रिल

सगळं नीट क्रमाने लिहायला हवं, नाहीतर डोक्यातून सांडेल.

एवढं मोठं मैदान आमच्या पोरींनी कधी पाहिलेलं नव्हतं. गवत इतकं मऊ की विंगर वाकून हात लावून बघत होती. ताई आणि भाऊजी आमच्या बाकाच्या अगदी मागे बसले होते. ताईच्या गळ्यात आमचा मफलर, भाऊजींच्या गळ्यात त्यांचा. ताई म्हणाली, घरातून निघताना हे कितीतरी वेळ दारात उभे होते, घालू की नको करत. तिनेच घातला.

आधी त्यांचं राष्ट्रगीत झालं. आमच्या बाकीच्या दहाजणी गप्प उभ्या, आणि त्यांच्या मधोमध काकू आमच्या रंगात, मान ताठ, त्यांचं गीत खणखणीत म्हणतेय! पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग आमचं लागलं, तेही तसंच. सचिव धावत माझ्याजवळ आले, "हा काय तमाशा?" मी म्हटलं, "साहेब, एक आईचं, एक बापाचं. तुम्हाला यातलं कोणतं खटकलं?" ते जागेवर जाऊन बसले.

शिट्टी वाजली. चेंडू हलला. झालं, मी मनात म्हटलं. आता कोणी मागितली तरी द्यायची नाही.

सामन्याबद्दल काय लिहू? त्यांनी आम्हाला नव्वद मिनिटं आमच्याच गोलपुढे कोंडलं. चेंडू येतच होता, आणि काकू तो डोक्याने, छातीने, मांडीने, एकदा तर चक्क तोंडाने परतवत होती. ओठ फुटला. कापूस लावून परत उभी. कॅप्टनने दोन असे चेंडू अडवले की त्यांच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. आणि ती चिमुरडी विंगर शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या गोलरेषेवर पाय घालून उभी होती, तिथून चेंडू तिने बाहेर उडवला.

शून्य-शून्य. हत्तीला आम्ही त्याच्या घरात रोखलं! मी मैदानात धावलो, घसरून पडलो, कोणी हसलं तरी पर्वा नाही. सचिव वार्ताहरांना सांगत होते, "मुलीला उतरवायचा निर्णय आमच्या संघटनेचा." सांगोत बापडे.

सामना संपल्यावर खेळाडू शर्ट बदलतात, तशी काकूने आपला शर्ट त्यांच्या स्टॉपरला दिला आणि तिचा घेतला. जी जागा हिची झाली असती, तिथे उभी होती ती मुलगी. तो शर्ट घेऊन काकू थेट कठड्यापाशी आली आणि भाऊजींच्या हातात दिला. "बाबा, तुमच्यासाठी."

भाऊजींनी शर्ट उलगडला. आपल्या देशाच्या चिन्हावरून अंगठा फिरवला. मग अगदी सावकाश घडी घातली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की या माणसाला सर्दी कधी झालीच नव्हती.

"आणि तुझा?" त्यांनी विचारलं.

"तो त्या मुलीने घेतला."

भाऊजी उठले. ताई म्हणाली, "अहो, कुठे निघालात?" ते पायऱ्या उतरून खाली आले. हॉटेलात पाणी हवं असलं तर हा माणूस ताईला मागायला सांगतो. तो सरळ बोगद्यातून गेला, मी मागोमाग, आणि त्याने आपल्या देशाच्या संघाच्या खोलीवर टकटक केली. दारात त्यांच्या प्रशिक्षक बाईच आल्या. भाऊजी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत, पण त्यांनी घडी केलेला शर्ट पुढे धरला, आत बोट दाखवलं, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. बाई तो घेऊन आत गेल्या.

भाऊजी काकूचा शर्ट काखेत मारून परत आले. घामाने ओलाकच्च, खांद्यावर गवताचा डाग, गळ्यापाशी रक्त. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसावंसंही वाटलं नाही.

मी म्हटलं, "द्या भाऊजी, आमच्या मावशी धुऊन देतील."

त्यांनी तो दुसऱ्या काखेत घेतला आणि चालू लागले. शर्ट संघटनेचा आहे, परत गेल्यावर सचिव विचारतील. विचारू देत.